परतीच्या तिकिटाआधी
(प्रस्तावना)

घरातल्या माणसाची दारू हाताबाहेर गेली की नातेवाईक पहिल्यांदा विचारतात, ‘याला कुठे ठेवू?’ झाशीतल्या मराठी घरातून हा प्रश्न आला की त्याला जोडूनच दुसरा येतो, ‘पुण्याला पाठवू का?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. झाशीतल्या नगऱ्याच्या रेल्वे कॉलनीत रात्री दीड वाजता माणूस दार वाजवत उभा असतो. सकाळी त्याच्या हातात चहाचा कप ठरत नाही. पगाराच्या कागदावर सोसायटीच्या कर्जाचे हप्ते वाढत चाललेले असतात. बायको किंवा आई थकून गेलेली असते आणि तिला निदान महिनाभर तरी शांत झोप हवी असते. निवासी व्यसनमुक्ती केंद्र ही त्या वेळी तिला दिसणारी एकमेव वाट असते.

हे पुस्तक त्या वाटेबद्दल आहे. केंद्रातले दिवस कसे असतात, औषधं कोणती, गटोपचार म्हणजे काय, हे सगळं पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. इथे मात्र मला केंद्राच्या आधीचं आणि नंतरचं बोलायचं आहे. माणूस परतल्यावर घरात, कामावर आणि गल्लीत त्याच्यासाठी काय मांडून ठेवलेलं असतं, यावर हा उपचार टिकतो किंवा विरतो अशी माझी ठाम धारणा आहे. आणि ती मांडामांड तो केंद्रात जाण्याआधीच सुरू करावी लागते. सर्वांगीण उपचार म्हणतात त्याचा मला कळलेला अर्थ एवढाच आहे: शरीर, मन, कुटुंब, काम आणि वस्ती यांपैकी एकही गोष्ट बाहेर सोडायची नाही.

आधी दुखण्याचा आकार पाहू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. दहा ते पंचाहत्तर वयातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात आणि त्यांतल्या जवळपास ५.७ कोटी लोकांना तिच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. अफूपासून बनलेल्या पदार्थांच्या बाबतीत, म्हणजे हेरॉइन, ब्राउन शुगर, दुखणं थांबवणाऱ्या काही गोळ्या यांच्या बाबतीत, हा आकडा ७७ लाखांच्या घरात जातो. याच पाहणीतले दोन आकडे मला फार अस्वस्थ करतात. दारूवाचून राहू न शकणाऱ्या ३८ माणसांमागे एकाला कुठलातरी उपचार मिळतो, आणि भरती होऊन उपचार मिळतो तो १८० जणांमागे एकाला. झाशीतली जी आई ‘कुठे ठेवू’ म्हणून फोन फिरवते आहे, ती चौकशीपर्यंत पोचली हेच मुळात दुर्मीळ आहे. तिला चुकीचं उत्तर मिळालं तर ती दुसऱ्यांदा विचारेलच असं नाही.

झाशीतला मराठी समाज आज लहान आहे, पण जुना आहे. अठराव्या शतकात पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर इथे आले, त्यांनी किल्ला वाढवला, शहर वसवलं. मग पुढे झाशीवर राज्य करणारे नेवाळकर आले. त्यांच्याबरोबर कोकणातून, देशावरून कारकून, पुजारी, शिलेदार आले आणि इथलेच झाले. शहराच्या एका वेशीचं नाव अजून खंडेराव गेट आहे. दुसरी लाट रेल्वेने आणली. २००३ साली उत्तर मध्य रेल्वे वेगळी होईपर्यंत झाशी विभाग मध्य रेल्वेत होता, त्याचं मुख्यालय मुंबईत होतं, त्यामुळे बदल्यांच्या निमित्ताने मराठी गार्ड, ड्रायव्हर, क्लार्क इथे येत राहिले आणि काही कायमचे राहिले. कुणी वर्कशॉपमध्ये लागले, पुढे कुणी भेलच्या कारखान्यात. अशा समाजात सगळे सगळ्यांना ओळखतात. मुलामुलींची लग्नं ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर, पुणे इथे ठरायची असतात, आणि ‘त्यांच्याकडे वडील पितात’ हे एक वाक्य तिथे आधी पोचलं तर स्थळ परत जातं. म्हणून दारूची गोष्ट घराच्या चार भिंतींत दाबली जाते. वर्षानुवर्षं दाबली जाते. आणि अगदी असह्य झालं की दूर पाठवायचा विचार येतो.

दूर पाठवण्यात उपचाराची आशा असते, तशी लपवण्याची सोयही असते. ‘पुण्याला मावशीकडे गेलेत’ असं सांगता येतं. ही सोय समजण्यासारखी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण तिची किंमत काय पडते ते पुढे सांगतो.

शरीरापासून सुरुवात करायला हवी, कारण घराघरांत सर्वांत जास्त धोका इथेच होतो. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू अचानक तोडणं हे जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतात. भिंतीवर किडे चालताना दिसतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटतं, माणूस आपल्याच बायकोला ओळखत नाही. डॉक्टर याला डिलिरिअम ट्रेमेन्स म्हणतात. घरात याला ‘बाहेरचं काहीतरी’ समजतात आणि अंगारे-धुपारे सुरू होतात, किंवा खोलीला बाहेरून कडी घालून ‘चार दिवस तळमळू दे, उतरेल’ असं ठरतं. त्या चार दिवसांत माणूस दगावू शकतो. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधं मापात देऊन आणि ती हळूहळू कमी करत नेऊन हा टप्पा सुखरूप पार पाडता येतो. बरोबरीने थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, इंजेक्शनने द्यावं लागतं. ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर थायमिनच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून पहिल्या आठवड्यासाठी डॉक्टर आणि परिचारिका चोवीस तास हाताशी असलेली जागा हवी. झाशीत १९६८ पासून महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज आहे, रेल्वेवाल्यांना रेल्वेचं हॉस्पिटल आहे. पहिला आठवडा गाडीच्या डब्यात काढण्यापेक्षा तो गावातल्या हॉस्पिटलात काढावा. कालपर्यंत पीत असलेल्या माणसाला आज दारू तोडून झेलम एक्स्प्रेसमध्ये बसवणं, आणि वाटेत कुठेतरी, मनमाडच्या अलीकडे-पलीकडे, त्याला फिट येणं, हा प्रसंग टाळता येण्यासारखा आहे.

ब्राउन शुगरचं उलट आहे. तिची टर्की, म्हणजे ती तोडल्यावर होणारी तगमग, भयानक असते: जांभया, नाक-डोळे वाहणं, जुलाब, हाडं मोडून निघाल्यासारखं अंग. पण एरवी धडधाकट असलेला माणूस तिने सहसा मरत नाही. तो मरतो केंद्रातून बाहेर पडल्यावर. महिनाभर बंद राहिल्याने शरीराची सवय गेलेली असते, आणि तो पूर्वीच्याच मापाची पुडी घेतो. ही गोष्ट प्रत्येक कुटुंबाला केंद्राने स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवी. ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुढे बरेच महिने चालू ठेवावं लागलं तर ‘एक नशा सोडून दुसरी लावली’ असं म्हणून ते बंद पाडू नये. त्या औषधाने माणूस जिवंत राहतो, कामावर जातो, आणि मग बाकीच्या गोष्टींना अवसर मिळतो.

आणखी एक गोष्ट चीड आणणारी आहे. ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती उत्तरेत भिंतींवर, बसस्टँडवर, वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात सर्रास दिसतात. पुडीत काय आहे ते कुणी सांगत नाही. काही घरांत डायसल्फिरामच्या गोळ्या कुटून वरणात, भाजीत घातल्या जातात. हे औषध डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १९४०च्या दशकात दारूवर वापरात आणलं आणि ते उपयोगी आहे, पण ज्याला आपण ते घेतोय हे माहीत आहे आणि ज्याची तपासणी झाली आहे त्याच्यासाठीच. पोटात ते असताना दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदय कमकुवत असेल तर मृत्यूही येऊ शकतो. शिवाय बायकोने ताटात गोळी घातली हे ज्या दिवशी नवऱ्याला कळतं, त्या दिवसापासून तो तिच्या हातचं निर्धास्तपणे जेवत नाही. उपचाराला लागणारा विश्वासच तिथे संपतो.

शरीर आठ-दहा दिवसांत बरंचसं सावरतं. मग उरलेले दिवस कशासाठी? या प्रश्नाचं मराठीतलं सर्वांत चांगलं उत्तर पुण्याच्या येरवड्यात मिळालं, म्हणून ती हकिगत थोडी सविस्तर सांगतो.

१९८०च्या दशकाच्या मध्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत आणि कॉलेजांत घुसली होती. लेखक अनिल अवचटांनी तिच्या विळख्यात सापडलेल्या मुलांमध्ये हिंडून लेखमाला लिहिली, जी पुढे ‘गर्द’ या पुस्तकात आली. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी ते लेख वाचले आणि ते हलून गेले. त्यांनी आपल्या प्रतिष्ठानातून एक लाख रुपये देऊ केले आणि काम करायला सांगितलं ते अवचटांच्या पत्नीला, डॉ. अनिता, म्हणजेच सुनंदा अवचट यांना. त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारातल्या इमारतीत २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

सुनंदाताईंनी पहिल्यापासून एक गोष्ट धरून ठेवली: व्यसनी माणूस हा आजारी माणूस आहे, त्याला मारायचं नाही, घालूनपाडून बोलायचं नाही. ज्या काळात दारुड्याला पोलिसांत द्या नाहीतर झाडाला बांधा असा सल्ला सहज दिला जायचा, त्या काळातली ही गोष्ट आहे. त्यांनी दुसरा निर्णय घेतला तो मला त्याहून धाडसाचा वाटतो. बरे झालेले पेशंटच त्यांनी कामाला घेतले. काल ज्याच्यावर घरच्यांनी पाच रुपयांचाही भरवसा ठेवला नसता, तो नव्या पेशंटशी बोलणारा समुपदेशक झाला. नव्याने आलेल्या माणसाने ‘तुम्हाला काय कळतंय’ असं म्हटलं की समोरचा शांतपणे सांगू शकतो की मला सगळं कळतंय, मी इथेच, याच अवस्थेत आलो होतो. डॉक्टरच्या पदवीला जे साधत नाही ते इथे साधतं. सुनंदाताई १९९७ साली कर्करोगाने गेल्या. त्यानंतर त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पुढे नेलं. अवचटांनी ‘मुक्तांगणची गोष्ट’ लिहून ठेवली आणि २०२२च्या जानेवारीत तेही गेले.

मुक्तांगणमधला निवासी उपचार पस्तीस दिवसांचा आहे. सकाळी उठणं, प्रार्थना, व्यायाम, झाडलोट, गटचर्चा, एकट्याने समुपदेशकाशी बोलणं, वेळेवर जेवणं आणि झोपणं. वाचताना हे सगळं साधं वाटतं. पण ज्याने गेली दहा वर्षं सकाळचा पहिला विचार बाटलीचा केला आहे, त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने जागा झाडणं आणि रात्री झोप लागणं या नव्याने शिकायच्या गोष्टी आहेत. गटात बसून तो पहिल्यांदा खरं बोलतो. बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकलं, मुलाच्या फीचे पैसे उडवले, बापाच्या अंत्यविधीला पिऊन उभा होतो. हे ऐकणारे बाकीचे हसत नाहीत, उपदेशही करत नाहीत, कारण प्रत्येकाच्या पोटात असंच काहीतरी असतं.

आणि मुक्तांगणने बायकांना बाहेर बसवलं नाही. ‘सहचरी’ नावाचा पत्नींचा गट तिथे आहे. तिथे येणारी बाई आधी नवऱ्याबद्दल सांगते आणि बऱ्याच वेळाने स्वतःबद्दल. नवरा किती पितो यावर डोळा ठेवता ठेवता तिचं स्वतःचं जेवण, झोप, मैत्रिणी, हसणं सगळं सुटलेलं असतं. तिने त्याच्या ऑफिसात ‘ताप आलाय’ म्हणून फोन केलेले असतात, त्याची उधारी फेडलेली असते, सासरच्यांपुढे त्याची बाजू सावरलेली असते. हे सगळं तिने संसार वाचवायला केलं आणि त्यानेच दारूला मुदत वाढवून मिळाली, हे तिला कुणीतरी मायेने सांगावं लागतं. दोष न देता सांगावं लागतं. झाशीतल्या आयांना मी हे विशेष सांगेन, कारण तिथे मुलाची दारू बहुधा आईच्या पेन्शनवर चालते.

याच सुमाराला मुंबईत दुसरं एक काम उभं राहिलं होतं. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्यात कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते स्वतः पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडलेल्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्या आणि अय्यंगार पद्धतीची आसनं यांची त्यांनी सांगड घातली. वर्षानुवर्षं नशेने बधिर केलेल्या शरीराशी पुन्हा ओळख व्हावी, श्वास लागतो कुठे, ताण साठतो कुठे हे कळावं, हा त्यामागचा विचार. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, चेन्नईत शांती रंगनाथन यांनी १९८० साली टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठानातून काम सुरू केलं. या सगळ्यांच्या रीती वेगळ्या आहेत. पण डॉक्टर, समुपदेशक, बरे झालेले सोबती आणि कुटुंब हे चौघे सगळीकडे आहेत.

हे मुद्दाम सांगतो, कारण हल्ली ‘होलिस्टिक’ या नावाखाली काहीही विकलं जातं. नदीकाठची खोली, तेलमालीश, ध्यान, सात्त्विक जेवण आणि लाखाच्या घरातलं बिल. योगाने झोप सुधारते, मन स्थिरावायला मदत होते, हे मी मानतो. पण फिट येणाऱ्या माणसाला अनुलोम-विलोम उपयोगी नाही, आणि ज्याच्या दारूच्या मुळाशी नैराश्य आहे त्याला तपासून औषध द्यावंच लागतं. ज्या केंद्रात मनोविकारतज्ज्ञ येत नाही ते केंद्र कितीही रम्य असलं तरी तिथला उपचार अर्धाच आहे. आणि जिथे फक्त गोळ्या देऊन टीव्हीसमोर बसवतात तिथलाही अर्धाच.

याहून वाईट जागा आहेत. उत्तर भारतात ‘नशा मुक्ति केंद्र’ अशी पाटी लावलेल्या कितीतरी ठिकाणी माणसाला घरून जबरदस्तीने उचलून नेतात, कोंडतात, मारतात, आणि घरच्यांना महिनोन् महिने भेटू देत नाहीत. कुटुंब पैसे भरत राहतं कारण निदान घरात शांतता असते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाशी निगडित मानसिक आजार आपल्या कक्षेत घेतले आहेत. अशा रुग्णाला साखळीने बांधायला या कायद्याने स्पष्ट मनाई आहे. स्वतःहून आलेला माणूस स्वतःच्या सहीने भरती होतो. तो निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल तरच त्याने नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावर भरती करता येते. त्यासाठीही दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ असावा लागतो, आणि ही मुदत पहिल्यांदा तीस दिवसांपलीकडे जात नाही. जागा बघायला गेलात तर नोंदणी कुणाकडे आहे ते विचारा, रात्री डॉक्टर कोण असतो ते विचारा, आत जाऊन पेशंटशी एकट्याने बोलू देता का ते विचारा. शेवटच्या प्रश्नावर जो व्यवस्थापक चिडतो त्याच्याकडे आपला माणूस सोपवू नका. गाडी पाठवून ‘उचलून नेतो’ म्हणणाऱ्याकडे तर नाहीच. कुठे विचारावं हे कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही विनामूल्य हेल्पलाइन आहे, आणि मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेली-मानस, १४४१६.

आता पुण्याला पाठवायच्या प्रश्नाकडे येतो.

पुण्याला पाठवण्याच्या बाजूने मोठी गोष्ट म्हणजे भाषा. बाजारात हिंदी, शेजारी बुंदेली बोलणारा झाशीचा मराठी माणूस लाज, राग, पश्चात्ताप मात्र बहुधा आईच्या भाषेत बोलतो. मराठीतला गट त्याला लवकर उघडतो. शिवाय दूर गेल्याने अड्ड्यावरचे मित्र सुटतात. विरुद्ध बाजू अशी की तीस-पस्तीस दिवसांनी तो त्याच अड्ड्यापाशी परत उतरतो आणि त्याला ओळखणारा समुपदेशक शेकडो मैल मागे राहतो. मुक्तांगणचे पेशंट महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पाठपुराव्याच्या बैठकांना जाऊ शकतात. झाशीच्या माणसाला त्यासाठी लांबचा प्रवास आणि रजा लागते. पहिल्या महिन्यात तो जातो. नंतर जात नाही.

जागेचा प्रभाव किती असतो याचं एक उदाहरण व्हिएतनाम युद्धातलं आहे. १९७१च्या सुमारास तिथल्या अमेरिकन सैनिकांत साधारण पाचातला एक जण हेरॉइनच्या आहारी गेल्याचं आढळलं. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्या सैनिकांचा मागोवा घेतला, तेव्हा त्या व्यसनी सैनिकांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झालेले फक्त पाच टक्क्यांच्या आसपास निघाले. युद्ध, सोबती, सहज मिळणारा माल, सगळं मागे राहिलं होतं. आपला माणूस मात्र उलट्या दिशेने प्रवास करतो. व्यसन नसलेल्या जागेतून तो व्यसनाच्या जागेत येतो. सीपरी बाजारातलं तेच दुकान, तोच पगाराचा दिवस, तेच भांडण, तोच रात्रपाळीचा एकटेपणा. म्हणून बदल जागेत करावा लागतो आणि तो घरच्यांनी, कामावरच्यांनी, शेजाऱ्यांनी मिळून करावा लागतो.

घसरण (स्लिप), म्हणजे सोडलेली नशा पुन्हा करणं, होईल हे धरून चालावं. थॉमस मॅक्लेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मांडलं की व्यसन हे मधुमेह, रक्तदाब, दमा यांच्यासारखं दीर्घ मुदतीचं दुखणं आहे, आणि या दुखण्यांतही उपचार सुटला की पुष्कळ रुग्ण पुन्हा आजारी पडतात. साखर वाढली म्हणून आपण मधुमेह्याला घराबाहेर काढत नाही. एका स्लिपनंतर ‘आता काही उपयोग नाही’ असं म्हणून सगळं सोडून देणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्याच स्लिपनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी समुपदेशकाला फोन लावणारीही पाहिली आहेत. या दुसऱ्या प्रकारच्या घरांतली माणसं आज बरी आहेत.

बायकांचा प्रश्न दोन वाक्यांत सुटणार नाही, पण पुस्तकात त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे म्हणून इथे थोडंच सांगतो. पिणारी किंवा झोपेच्या गोळ्यांच्या आहारी गेलेली बाई आपल्या समाजात दुप्पट लपवली जाते. तिला केंद्रात नेलं तर ‘मुलांना कोण बघणार’ हा प्रश्न पुढे येतो. पुरुष जातो तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नाही. मुक्तांगणने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग काढला. झाशीच्या आसपास स्त्रीला घेऊन जायचं असेल तर आधी मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागात दाखवावं. पोटाच्या किंवा डोकेदुखीच्या केसपेपरवर ती निदान डॉक्टरपुढे तरी येते, आणि समजून घेणारा डॉक्टर तिथून पुढे नेऊ शकतो.

तर झाशीतून पुण्याला पाठवायचं असेल तर पाठवा, पण परतीचं तिकीट काढण्याआधी गावात पाच-सहा गोष्टी ठरवून ठेवा. पहिला आठवडा कुठल्या हॉस्पिटलात काढायचा. परतल्यावर तिसऱ्या दिवशी कुणा डॉक्टरांकडे जायचं, आणि पुण्याच्या केंद्राने दिलेली औषधं झाशीत कोण लिहून देणार. वरिष्ठांना किती सांगायचं, रात्रपाळी सहा महिने टाळता येईल का. पगार कुणाच्या खात्यात येणार, हे त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीने. घरातल्या बाटल्या, आणि ‘फक्त सणाला’ म्हणून ठेवलेली काकांची बाटलीसुद्धा, कोण बाहेर काढणार. सासरी-माहेरी काय सांगायचं याचं एकच उत्तर सगळ्यांनी ठरवून घ्यावं, म्हणजे मुलांना खोटं बोलावं लागणार नाही. मुलांना त्यांच्या वयाला कळेल असं खरं सांगावं. बाबा आजारी होते, उपचार घेऊन आले, आणि ते पीत होते यात तुमचा काही दोष नव्हता. हे शेवटचं वाक्य ऐकायला मुलं कित्येक वर्षं थांबलेली असतात.

राहिली पाठपुराव्याची बैठक; ती झाशीतच भरवता येईल. जुन्या शहरात एक गणेश मंदिर आहे, जिथे १८४२ साली गंगाधरराव नेवाळकर आणि मनू, म्हणजे पुढच्या राणी लक्ष्मीबाई, यांचं लग्न लागलं असं मानतात. अशा एखाद्या मंदिराची ओसरी, शाळेचा वर्ग किंवा रेल्वे इन्स्टिट्यूटमधली खोली आठवड्यातून एक संध्याकाळ मागून घेता येईल. सोडलेल्यांची एक बैठक आणि शेजारच्या खोलीत त्यांच्या घरच्यांची दुसरी, एवढंच करायचं आहे. भाषण नको, सत्कार नको, नावं बाहेर जाणार नाहीत एवढा शब्द हवा. मराठी समाज लहान असल्यामुळे जी लाज वाटते, त्याच लहान आकारामुळे कुणाचा फोन तीन दिवस लागला नाही हे इथे लवकर लक्षात येईल. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी महिन्यातून एकदा येऊन बसावं असा आग्रह धरता येईल. सुरुवातीला चार घरं आली तरी पुरे. बैठकीत मराठी, हिंदी, बुंदेली, ज्याला जी जवळची वाटेल ती बोलावी, आणि दार मराठी नसलेल्यांनाही उघडं असावं, कारण नगऱ्यात नाहीतर प्रेमनगरात शेजारच्या दारामागे हाच प्रश्न घेऊन बसलेली बाई बहुधा बुंदेली बोलणारी असते.